हॅव, शुड हॅव आणि आपला ‘ना’

सरकारी कचेरीतलं इंग्रजी हे एक वेगळंच प्रकरण आहे. त्यात माणसं नसतात. अर्ज ‘हॅज बीन रिसीव्ड’ असतो, फाईल ‘हॅज बीन फॉरवर्डेड’ असते आणि एखादा कागद यायचा राहिला असेल तर तो ‘शुड हॅव बीन सबमिटेड’ असतो. कोणी घेतला, कोणी पुढे पाठवला, कोणी द्यायला हवा होता, हे शोधायला गेलात तर अख्ख्या वाक्यात कर्ता सापडायचा नाही. आवक-जावक, टिपणं आणि स्मरणपत्रं यांत वीस-बावीस वर्षं काढल्यावर माझ्यासारख्या बी. ए. झालेल्या कारकुनाला इंग्रजीचा पूर्ण वर्तमानकाळ झोपेतसुद्धा लिहिता येतो. पण इतक्या वर्षांत एकाही टिपणाच्या शेवटी ‘इजंट इट?’ लिहिलेलं मी पाहिलेलं नाही. फाईल मंजुरी मागते, ‘हो ना?’ असं विचारत नाही.

इंग्रजी बोलायला शिकवणाऱ्या कुठल्याही क्लासमध्ये या तीन गोष्टी साधारण एकापाठोपाठ येतात. आधी ‘हॅव’चे पूर्ण काळ, मग ‘शुड हॅव, मस्ट हॅव, कुड हॅव’ ही मंडळी आणि शेवटी वाक्याला लावायची ती प्रश्नार्थक शेपटी. आम्ही शाळेत हे पाठ केलं, परीक्षेत लिहिलं आणि मोकळे झालो. आमच्या वेळी गोव्यात सरकारी प्राथमिक शाळेत चौथीपर्यंत मराठी आणि पाचवीत गेलं की एकदम सगळे विषय इंग्रजीत. घरात आजोबांची पोर्तुगीज, वडिलांच्या कपाटात तर्खडकरांची भाषांतर पाठमाला आणि दप्तरात इंग्रजीची पुस्तकं, अशा तीन थरांत आमचं शिक्षण झालं. पण हे तीन धडे नेमके कशासाठी असतात याचा विचार मला करावा लागला तो मागच्या मे महिन्यात, आणि तोही गोव्यात नव्हे, गुजरातेत कडोदऱ्याला.

माझी थोरली बहीण तिथे असते. भावोजी मूळचे धुळे जिल्ह्यातले. पूर्वी ते वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत नोकरीला होते, तिथूनच सोयरीक जमली. पुढे त्यांना कडोदऱ्याच्या एका डाईंग-प्रिंटिंग मिलमध्ये काम मिळालं आणि ताईचा संसार तिकडे गेला. कडोदरा म्हणजे सुरतेपासून पंधराएक किलोमीटरवरचं, पलसाणा तालुक्यातलं गाव. मुंबई-अहमदाबाद महामार्ग आणि सुरतेहून बारडोली, व्यारा, सोनगड, नवापूर करत धुळ्याकडे जाणारा महामार्ग इथे एकमेकांना छेदतात. त्या चार रस्त्यावर दिवसरात्र गर्दी. ग्रे कापडाचे ताके भरलेले टेम्पो मिलकडे जातात आणि रंगवून, छापून झालेलं कापड सुरतेच्या बाजाराकडे परततं. कामगार उत्तर प्रदेशातले, बिहारमधले, ओडिशातले आणि आपल्या खानदेशातले. खानदेशातल्या माणसाला सुरत परमुलूख वाटतच नाही. भुसावळहून सुरतेला थेट रेल्वे आहे, आणि सुरत महानगरपालिकेच्या मराठी माध्यमाच्या शाळाही आहेत.

ताईची मुलगी, माझी भाची, बावीस वर्षांची आहे. नर्सिंगचा कोर्स पुरा करून सुरतेच्या एका इस्पितळात काम करते. शाळा गुजरातीतून झालेली, घरात बापाची अहिराणी, आईची फोंड्याकडची मराठी, गल्लीत हिंदी. तिला इंग्लंडला जायचंय. तिथे परिचारिका म्हणून नोंदणी करायची तर इंग्रजीची परीक्षा द्यावी लागते. आयईएलटीएस दिली तर ऐकणं, वाचणं आणि बोलणं या तिन्हींत किमान सात आणि लेखनात साडेसहा गुण हवेत. त्यासाठी ती ड्यूटी सांभाळून एका क्लासला जात होती. क्लासमध्ये पहिल्या दिवशीच सांगितलेलं : मातृभाषा दाराबाहेर ठेवा, इंग्रजीतच विचार करा. मुलगी आज्ञाधारक. तिने मराठीही बाहेर ठेवली, गुजरातीही ठेवली. मग विचार करायला आत काही उरेना!

मी दोन आठवडे राहणार होतो. ती रात्रपाळी करून यायची, झोपायची आणि चार वाजता वही घेऊन समोर बसायची. ‘मामा, हे का चुकलं ते सांग.’ लाल शाईने खोडलेलं वाक्य होतं, ‘आय हॅव कम यस्टर्डे’. तिचं म्हणणं, ‘आपण म्हणतोच ना, मी कालच आलेय?’

आता यात तिचं म्हणणं खोटं नव्हतं. मराठीत ‘मी कालच आलेय’ हे अगदी शुद्ध वाक्य आहे. येणं काल झालं आणि मी अजून इथेच आहे, दोन्ही गोष्टी आपण एका क्रियापदात नांदवतो. इंग्रजीला ते चालत नाही. ‘हॅव’ म्हणजे आजशी जोडलेला दोरा. त्या वाक्यात ‘काल’, ‘सोमवारी’, ‘२०१९ साली’ असा खिळा ठोकला की दोरा तुटतो आणि साधा भूतकाळ वापरावा लागतो. उलट ‘मी दहा वर्षं इथे राहतेय’ असं आपण वर्तमानकाळात म्हणतो, तिथे इंग्रजीला मात्र हा दोरा हवाच असतो. आपल्याकडची माणसं ‘आय ॲम लिव्हिंग हिअर सिन्स टेन इयर्स’ म्हणतात ती बेअकलेपणाने नव्हे, मराठीशी इमान राखून. ‘गेली, गेलीय, गेली होती’ हा फरक आपल्या चार वर्षांच्या पोरालाही कळतो. कल्पना घरचीच आहे. फक्त कुठे वापरायची याचे नियम परके आहेत.

हे मी मराठीत सांगितल्यावर तिचा चेहरा मोकळा झाला. मग तिनेच एक गंमत दाखवली. ‘मी गोळी दिलीय, मी औषध दिलंय, मी डोस दिलाय. मामा, आपलं क्रियापद गोळीकडे बघतं, मी कोण आहे ते विचारतच नाही!’ कर्मणी प्रयोगाचं इतकं सोपं वर्णन मी बी. ए.च्या वर्गातही ऐकलं नव्हतं. इंग्रजीत तिन्ही ठिकाणी नुसतं ‘आय हॅव गिव्हन’. तिथे क्रियापद देणाऱ्याकडे बघतं, मग औषध कोणतंही असो.

दुसरा धडा अवघड निघाला आणि महत्त्वाचाही. ‘मस्ट हॅव, मे हॅव, माइट हॅव’. मराठीत या तिघांचं काम बहुतेक वेळा एकटं ‘असेल’ करतं. ‘त्यांनी गोळी घेतली असेल.’ गंमत बघा, होऊन गेलेल्या गोष्टीचा अंदाज आपण भविष्यकाळाच्या रूपाने करतो. हा अंदाज किती पक्का, ते आपण ‘नक्की’, ‘बहुतेक’, ‘कदाचित’ असे शब्द लावून किंवा नुसत्या आवाजाने सांगतो. भुवई उंचावली की झालं. इंग्रजीत ते वजन क्रियापदाच्या आधीच्या त्या छोट्या शब्दावर असतं. ‘शी मस्ट हॅव टेकन इट’ म्हटलं की बोलणाऱ्याची जवळजवळ खात्री आहे, ‘शी माइट हॅव’ म्हटलं की घेतलीही असेल, नसेलही.

हा फरक तुम्हा-आम्हाला परीक्षेच्या एका गुणाचा. नर्सला तसा नाही. पाळी बदलताना एका नर्सने दुसरीला रोग्याची हकीकत सांगायची असते. तिथे ‘माइट हॅव’च्या जागी ‘मस्ट हॅव’ गेलं, तर पुढची बाई गोळी द्यायचीच नाही. अशा वेळी अंदाज न सांगता आधी नोंद तपासायची, हे तिला कोर्समध्ये शिकवलेलं आहेच. पण म्हाताऱ्या रोग्याची सून धावत येऊन ‘पडले असतील हो’ म्हणते तेव्हा ते पक्कं की कच्चं, हे ऐकणाऱ्याला ओळखावंच लागतं. परमुलखात ते कानांनी ओळखायचं, तेही परक्या भाषेत. त्या दिवसापासून आम्ही हा धडा चेष्टेवारी नेला नाही. वहीत तीन रकाने केले : मराठी वाक्य, माझी खात्री किती, इंग्रजी वाक्य. मधला रकाना तिनेच सुचवला.

‘कुड हॅव’वर पाच वाक्यं लिहायचा गृहपाठ होता. चार वाक्यं बस चुकल्याची, पाऊस पडला असता तर वगैरे. पाचवं होतं, ‘माय मदर कुड हॅव बिकम अ टीचर’. ताई चहा घेऊन आली आणि काय लिहिलंस म्हणून विचारू लागली. भाचीने जरा अडखळत मराठी करून सांगितलं, ‘आई शिक्षिका होऊ शकली असती.’ ताईचं बारावीनंतर शिक्षिकेच्या कोर्सला नाव घालायचं ठरलं होतं, तेवढ्यात आमची आई आजारी पडली आणि ते राहिलं. हे आमच्या घरात कोणी बोलत नाही. ताईने कप खाली ठेवला आणि मला म्हणाली, ‘व्याकरण बरोबर आहे ना, ते बघ.’ बरोबर होतं. मी तसं सांगितलं. आपल्या व्याकरणात याला संकेतार्थ म्हणतात. न घडलेल्या गोष्टींसाठी भाषेने राखून ठेवलेली ही खोली.

तिसरा धडा शेपटीचा. वाक्य होकारी तर शेपटी नकारी, वाक्य नकारी तर शेपटी होकारी, शिवाय कर्ता, काळ आणि साहाय्यक क्रियापद सगळं जुळलं पाहिजे. ‘यू हॅव ईटन, हॅवंट यू?’, ‘ही डिडंट कम, डिड ही?’ एवढी कवायत कशासाठी, तर आपण जे एका ‘ना’मध्ये करतो त्यासाठी. ‘जेवलास ना?’, ‘येणार नाहीस ना?’ काळ कुठलाही असो, ‘ना’ तोच. आमच्या कोंकणीत समोरच्या माणसाप्रमाणे थोडं बदलतं, मुलाला ‘येतलो मरे?’, मुलीला ‘येतलें मगो?’. कडोदऱ्याच्या चार रस्त्यावर उभं राहिलं तर हिंदीवाला ‘खा लिया ना?’ म्हणतो आणि गुजराती दुकानदार ‘आवशो ने?’ म्हणतो. पोर्तुगीजमध्ये याच कामासाठी ‘नाँव ए?’ आहे, आणि घाईत बोलताना त्याचंही ‘ने?’ होतं. आजोबांची पोर्तुगीज आणि कडोदऱ्याची गुजराती यांचा एकमेकींशी काही संबंध नाही, पण शेपटी मात्र ऐकायला सारखीच!

साऱ्या देशाला एकच शेपटी पुरत असल्यामुळे आपल्या इंग्रजीत सरसकट ‘इजंट इट?’ आलं. ‘यू आर कमिंग, इजंट इट?’ आणि आमच्या गोव्यात ‘यू आर कमिंग, नो?’. साहेब लोक याला हसायचे. आता लंडनमध्ये बोलण्यात ‘इनिट’ असं एक सरसकट शेपूट ऐकू येतं म्हणे, कुठल्याही वाक्याला चालणारं. म्हणजे कवायतीचा कंटाळा त्यांनाही आलाच. तरी परीक्षेला बसणाऱ्याने कवायत करावीच, हे मी भाचीला बजावलं. पण पाठ करण्याआधी एक विचार, म्हटलं, तू दिवसातून किती वेळा ‘ना’ म्हणतेस आणि कोणाला? तिने विचार करून सांगितलं, ‘पेशंटला. दुखत नाहीये ना? रात्री झोप लागली ना? घरचं कोणी आलं होतं ना?’ झालं तर मग. ‘ना’ म्हणजे माहिती विचारणं नव्हे. उत्तर बरं असावं अशी इच्छा धरून विचारणं. त्या शेपटीत काळजी असते. म्हणूनच ती फाईलमध्ये नसते.

मधल्या रविवारी आम्ही सुरतेला गेलो होतो. तापीच्या काठाने हिंडताना मला राहून राहून एका माणसाची आठवण येत होती, दादोबा पांडुरंग तर्खडकर यांची. मराठी भाषेचे पाणिनी म्हणून आपण त्यांना ओळखतो. त्यांचं ‘महाराष्ट्र भाषेचे व्याकरण’ १८३६ साली प्रसिद्ध झालं, तेव्हा ते बावीस वर्षांचे होते, म्हणजे माझ्या भाचीच्याच वयाचे. पुढे हेच दादोबा सुरतेला इंग्रजी शाळेत शिक्षक होते. तिथेच १८४४ च्या जूनमध्ये दुर्गाराम मेहताजी आणि इतर गुजराती स्नेह्यांबरोबर त्यांनी मानवधर्म सभा काढली. जातिभेदाविरुद्ध, भुताखेतांच्या आणि जादूटोण्याच्या समजुतींविरुद्ध तिथे उघड चर्चा होत. सभेच्या पाच प्रमुखांची नावं ‘द’ने सुरू होत, म्हणून त्यांना पाच दद्दे म्हणत. (घरातली भाषांतर पाठमाला याच दादोबांची, असं मला लहानपणी वाटायचं. ती द्वारकानाथ राघोबा तर्खडकरांची.) आणि आपल्याला अभिमानाची गोष्ट म्हणजे दादोबांचं आत्मचरित्र आणि चरित्र १९४७ साली लोकांसमोर आणलं ते आपल्या फोंडा तालुक्यातल्या प्रियोळच्या अ. का. प्रियोळकरांनी.

दादोबांनी मराठीचं व्याकरण लिहिलं तेव्हा इंग्रजी व्याकरणाची मांडणी त्यांच्या डोळ्यांपुढे होती. इंग्रजीच्या आरशात त्यांनी आपली भाषा बघितली, आणि तिच्यात जे दिसलं ते आपल्या नावांनी लिहून ठेवलं. मग तोच आरसा फिरवून मराठीतून इंग्रजी बघायला आजच्या मुलांना मनाई का? ‘इंग्रजीत विचार करा’ हा सल्ला जिभेच्या सरावापुरता ठीक आहे. बोलताना मनात भाषांतर करत बसलं तर समोरचा निघून जाईल, हे खरंच. पण अर्थ पक्का करायचा तो आपल्याला ज्या भाषेत खात्रीने कळतं त्याच भाषेत. तर्खडकरांच्या पाठमालेला पुढे ‘तर्खडकरी इंग्रजी’ म्हणून कितीही हसले असोत, मराठी मुलाला मराठीतून इंग्रजीपर्यंत बोट धरून नेण्याचं काम तिने केलं. तिची वाक्यं जुनी झाली असतील. तिची रीत जुनी झालेली नाही.

गोव्यात हा प्रश्न नवा नाही. ब्रेक्झिटच्या आधी पोर्तुगीज पासपोर्ट काढून कितीतरी गोवेकर स्विंडनसारख्या इंग्लंडमधल्या गावी गेले. घरात कोंकणी, गिरजाघरात कोंकणी, कामावर इंग्रजी. त्यांच्यातल्या एकाने मला सुट्टीत सांगितलेलं आठवतं : कामाचे शब्द महिन्याभरात येतात, पण ‘तू जेवलास ना?’ हे इंग्रजीत मनापासून म्हणायला वर्षं लागतात. हे मी भाचीला सांगितलं. ती म्हणाली, ‘मला तेच आधी शिकायचंय.’

जुलैत तिने परीक्षा दिली. बोलण्यात साडेसात, ऐकण्यात आणि वाचनात सात, लेखनात सहा. म्हणजे लेखनासाठी पुन्हा तयारी आली. फोनवर आवाज थोडा खाली होता. परीक्षेची फी हलकी नसते आणि मिलमधला पगार किती असतो हे मला माहीत आहे. भावोजी म्हणाले, ‘पुन्हा बसंल, त्यात काय!’ ताई काही बोलली नाही. तिला मुलगी पास व्हायलाही हवी आहे आणि जायलाही नको आहे. या दोन्ही इच्छा एका वाक्यात मावतील असं क्रियापद मला तरी कुठल्याच भाषेत सापडलेलं नाही.

तुमच्या घरात कोणी पोर इंग्रजीची अशी वही घेऊन बसलं असेल, तर ‘पाठ कर’ म्हणून उठून जाऊ नका. शेजारी बसा. ते वाक्य आपल्या भाषेत काय होतं ते आधी विचारा, कोणाला म्हणायचंय ते विचारा, किती खात्रीने म्हणायचंय तेही विचारा. मग ‘हॅव’, ‘शुड हॅव’ आणि ती नकटी शेपटी, तिघंही आपल्या जागी येऊन बसतात. लेखनाच्या सरावासाठी भाची आता दर रविवारी मला इंग्रजीत एक पत्र पाठवते. मी लाल शाई वापरत नाही. पेन्सिलीने खुणा करतो आणि समासात मराठीत प्रश्न लिहितो. गेल्या पत्राच्या शेवटी तिने लिहिलं होतं, ‘यू हॅवंट फरगॉटन टू टेक युअर बीपी टॅबलेट, हॅव यू?’ शेपटी अगदी बिनचूक होती. गोळीही घेतलेली होती.